पांच वॅटांचा छंद

घरोघरीं रात्रीं निजतांना एक मंद दिवा जळत ठेवण्याची चाल आहे. पूर्वीं या दिव्याला 'झीरोचा बल्ब' म्हणत, आणि नांव शून्याचें असलें तरी तो सुमारें पंधरा वॅट वीज खात असे. जिन्याच्या वळणावर तो लागला म्हणजे पायरी दिसे, एवढेंच त्याचें काम. या दिव्याच्या एकतृतीयांश शक्तीनें, म्हणजे अवघ्या पांच वॅटांनीं, पुण्यांतील एखाद्या गच्चीवरून सिडनीच्या माणसाशीं बोलतां येतें असें कोणी सांगितलें, तर ऐकणारा त्याच्याकडे जरा संशयानेंच पाहील. परंतु ही गोष्ट खरी आहे, आणि ती करणारीं माणसें जगाच्या सर्व भागांत आहेत. त्यांच्या या छंदाला अल्पशक्तीचा हौशी रेडिओ असें म्हणतां येईल.

घरांतला नेहमींचा रेडिओ बोलतो आणि घरचीं माणसें ऐकतात. उलट बोलण्याची सोय त्यांत नसते. हौशी माणसाच्या टेबलावरचें यंत्र दोन्ही कामें करतें. मात्र हा खेळ कोणींहि उठावें आणि मांडावा असा नाहीं. केंद्र सरकारची परीक्षा द्यावी लागते, परवाना काढावा लागतो, आणि मग 'व्ही यू' या अक्षरांनीं सुरू होणारें एक संकेतनाम मिळतें. जगाच्या पाठीवर तें नांव दुसऱ्या कोणाचें नसतें. या नांवानें धंद्याचें बोलणें करावयाचें नाहीं, गाणीं लावावयाचीं नाहींत, गुप्त भाषा वापरावयाची नाहीं. बोलावयाचें तें यंत्राविषयीं, हवेविषयीं, आपापल्या गांवाविषयीं. १९२१ सालीं कलकत्त्याच्या अमरेंद्रचंद्र गुप्त यांना परवाना मिळाला, तेव्हांपासून भारतांत हा छंद चालू आहे. म्हणजे सरकारी नभोवाणीहून तो वयानें वडील आहे.

या छंदांतहि दोन पंथ आहेत. एक शक्ति वाढवीत जाणारांचा, दुसरा ती मुद्दाम कमी ठेवणारांचा. दुसऱ्या पंथाचें नांव 'क्यू आर पी'. बिनतारी तारायंत्राच्या पहिल्या काळांत वेळ वांचविण्यासाठीं तीन-तीन अक्षरांचे सांकेतिक शब्द ठरविण्यांत आले. त्यांतील 'क्यू आर पी' या शब्दाचा अर्थ 'आपली शक्ति कमी करा' असा होता. हौशी मंडळींनीं तोच पुढें आपल्या पंथाचें नांव म्हणून उचलला. मोर्सच्या संदेशाला पांच वॅट आणि तोंडीं बोलण्याला दहा वॅट, अशी मर्यादा त्यांनीं स्वखुषीनें घालून घेतली आहे. इंग्लंडमध्यें जॉर्ज डॉब्स या धर्मोपदेशकानें १९७४ सालीं अशा लोकांचा एक क्लब काढला आणि घरच्या घरीं लहान यंत्रें बांधण्याची गोडी अनेक देशांतील लोकांना लावली.

पांच वॅटांत एवढें कसें साधतें, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचें उत्तर गणितांत आहे आणि तें शाळेंतल्या मुलालाहि समजेल. हौशी माणसाचें नेहमींचें यंत्र शंभर वॅटांचें असतें. पांच वॅट म्हणजे त्याचा विसावा भाग. विसावा भाग म्हटला कीं वाटतें, पलीकडे ऐकूं जाणारा आवाजहि विसाव्या हिश्शाइतकाच उरणार. परंतु ऐकणाऱ्याच्या यंत्रावर जी सूची असते तिच्यावरचीं घरें अशीं आंखलेलीं असतात कीं, सूची एक घर पुढें सरकण्यासाठीं शक्ति चौपट व्हावी लागते. त्या हिशेबानें वीसपट शक्ति म्हणजे दोन घरांहून किंचित् अधिक. शंभर वॅटवाला सातव्या घरांत ऐकूं येत असेल, तर पांच वॅटवाला पांचव्या घराच्या जरासा खालीं ऐकूं येईल. तेवढा आवाज समजण्यास पुरेसा आहे. अट एवढीच कीं, ऐकणाऱ्याच्या भोंवतीं गोंगाट नसावा. ही अट पुढें पुन्हां येणार आहे.

दुसरी युक्ति मोर्सची. आपल्याकडची सरकारी तार जुलै २०१३ मध्यें कायमची बंद झाली, आणि तिच्यांतलें 'कट्ट-कडकट्ट' तर त्याच्याहि कितीतरी आधीं गेलें होतें. तो नाद हौशी लोकांनीं जिवंत ठेवला आहे, आणि त्याचें कारण केवळ जुन्याची माया हें नाहीं. तोंडच्या बोलण्याला लहरींच्या पट्ट्यांत सेकंदाला अडीच-तीन हजार आंदोलनांएवढी जागा लागते. मोर्सच्या शिटीला एक-दोनशें पुरतात. पाणी थोडें असलें आणि तें सबंध शेतांत सोडलें, तर बांधापर्यंत पोंचत नाहीं. तेंच एका अरुंद पाटानें नेलें तर पलीकडच्या वाफ्यालाहि मिळतें. पांच वॅटांची वीज अशी पाटानें न्यावी लागते. शिवाय वय झालें म्हणजे कान आधीं बारीक, उंच सूर सोडूं लागतो. मोर्सची शिटी मात्र आपल्याला हव्या त्या खालच्या सुरावर आणतां येते. त्यामुळें साठी उलटलेल्यांनाहि हा खेळ वर्ज्य नाहीं.

यंत्राचा खर्चहि संसाराला न झेपणारा नाहीं. या बाबतींत हैदराबादच्या अशर फरहान यांचें नांव कृतज्ञतेनें घेतलें पाहिजे. २००३ सालीं त्यांनीं बिटएक्स नांवाच्या एका लहान यंत्राचा आराखडा सर्वांसाठीं खुला केला. त्याची शक्ति सुमारें सहा वॅट. त्यांतील भाग असे निवडले होते कीं, ते कोणत्याहि मोठ्या गांवच्या बाजारांत मिळावे. खास गाभा मिळाला नाहीं, तर तारेची गुंडाळी नळांत बसविण्याच्या साध्या वायसरवर करावी, इतकी त्यांत सोय पाहिली होती. हें यंत्र पुढें देशोदेशींच्या हौशी लोकांनीं बांधलें. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेंत एखादा गृहस्थ चिमुकल्या पुड्या चष्म्याशीं धरून त्यांवरचे रंगीत पट्टे मोजीत उभा दिसला, तर तो बहुधा याच पंथाचा असावा.

आतां अशा छंदिष्टाचें एक वर्ष पाहावें. पुण्यासारख्या शहरांत तीन मजली इमारतींत राहणारा, नोकरींतून निवृत्त झालेला एक गृहस्थ डोळ्यांपुढें आणावा. त्याचें वर्ष गुढीपाडव्याला सुरू होतें. सायंकाळीं गुढी उतरली कीं तिची वेळूची काठी माळ्यावर न जातां गच्चीवरच राहते. ती कठड्याला पक्की बांधावयाची, तिच्या शेंड्याला तांब्याच्या तारेचा मध्य अडकवावयाचा, आणि दोन्ही बाजूंस दहा-दहा मीटर तार तिरपी खालीं आणून नायलॉनच्या दोरीनें ताणावयाची. चाळीस मीटर लांबीच्या लहरीला ही वीस मीटरांची तार बरोबर निम्मी होते, आणि पंधरा मीटरच्या लहरीच्या जवळजवळ तीन अर्ध्या लांब्या तिच्यांत मावतात. म्हणून दोन्हींना ती चालते. इमारतींतल्या मंडळींची संमति मात्र आधीं घ्यावी लागते. पहिल्या वर्षीं तिच्यावर पुष्कळ चर्चा होते. दुसऱ्या वर्षीं कोणी पापड वाळत घालतांना ती तार जराशी वर उचलून धरतें, आणि मग ती सर्वांची होऊन जाते.

चैत्राचे दिवस दूरच्या बोलण्याला उत्तम. त्याचें कारण समजण्यासाठीं आकाशाकडे पाहावें लागतें. सूर्याचे अतिनील किरण वरच्या विरळ हवेंतील कणांना विद्युद्भारित करतात आणि तेथें थर बनतात. साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवरचा 'डी' थर लांब लहरी दिवसा गिळून टाकतो. दोनशें ते चारशें किलोमीटर उंचीवरचा 'एफ' थर आरशासारखा त्यांना परत पृथ्वीकडे पाठवितो. असा कांहीं थर असला पाहिजे, हा तर्क केनेली आणि हेविसाइड यांनीं १९०२ सालीं केला. ॲपलटन यांनीं १९२४ सालीं तो प्रयोगानें सिद्ध केला, आणि १९४७ चें नोबेल पारितोषिक त्यांना मिळालें. आपल्याकडे कलकत्त्यास शिशिरकुमार मित्र यांनीं याच थरांचा अभ्यास केला. वरच्या वातावरणावरील त्यांचा ग्रंथहि १९४७ सालींच प्रसिद्ध झाला. वसंतसंपाताच्या सुमारास दोन्ही गोलार्धांवर ऊन जवळजवळ सारखें पडतें, आणि आंखूड लहरी दूर दूर जातात. याच दिवसांत दुपारीं कधीं सिडनीहून उत्तर येतें. दहा हजार किलोमीटर अंतर, पांच वॅट शक्ति. म्हणजे वॅटामागें दोन हजार किलोमीटर. अल्पशक्तीवाल्यांत वॅटामागें हजार मैलांचा एक मानाचा टप्पा मानतात. हा गृहस्थ तो ओलांडतो, वहींत तारीख-वेळ लिहितो, आणि चहाला उशीर झाल्याबद्दल घरांतून चार शब्द ऐकतो.

संध्याकाळीं सूर्य मावळल्यावर कधीं कधीं त्याच दूरच्या शिटींत कंप भरतो. पाण्यांत पडलेल्या दिव्याच्या प्रतिबिंबासारखी ती थरथरूं लागते. पृथ्वीची चुंबकीय विषुवरेषा भारताच्या दक्षिण टोंकाजवळून जाते, आणि तिच्या आसपास या दिवसांत सूर्यास्तानंतर 'एफ' थर फुटल्यासारखा विस्कळित होतो. पुस्तकांत वाचलेली ही गोष्ट येथें कानानें कळते.

वैशाख लागला कीं रंग पालटतो. दुपारीं ऊन तापतें, तिसऱ्या प्रहरीं ढग चढतात, आणि लहरींवर खरखर सुरू होते. शेंकडों किलोमीटरांवर कोठें वीज चमकली तरी तिचा तडाखा कानांत उमटतो. रोहिणी नक्षत्र निघण्याच्या सुमारास चाळीस मीटरचा पट्टा रात्रीं ऐकवत नाहीं. फुटाण्याच्या भट्टीशीं कान लावून बसल्यासारखें होतें. पंचांग न पाहतां या माणसाला वळीव जवळ आल्याचें कळतें. मग तो आपली वेळ बदलतो. पहांटे वादळें निवलेलीं असतात, म्हणून तो पांचाला उठतो. ढगांचा गडगडाट ऐकूं येण्याची तर तो वाटच पाहत नाहीं. आकाश काळवंडलें कीं एरियलची तार यंत्रापासून सोडावयाची, बाहेर जमिनीच्या तारेला जोडावयाची, आणि वादळ जाईपर्यंत टेबलाजवळ फिरकावयाचें नाहीं. या नियमाला छंदांत अपवाद नाहीं.

सूर्याचीहि एक लहर असते. त्याच्यावरचे डाग सुमारें अकरा वर्षांत वाढतात आणि ओसरतात. चालू आवर्तन डिसेंबर २०१९ मध्यें सुरू झालें, आणि तें ऐन भरांत आल्याचें शास्त्रज्ञांनीं ऑक्टोबर २०२४ मध्यें जाहीर केलें. डाग वाढले कीं आंखूड लहरींना बहर येतो, पण वादळेंहि येतात. १० व ११ मे २०२४ रोजीं असें एक मोठें चुंबकीय वादळ झालें. लडाखांत हानले येथून आकाशांतील तांबूस प्रकाशाचीं छायाचित्रें घेतलीं गेलीं, आणि रेडिओच्या आंखूड लहरींचे मार्ग जगभर विस्कटले. अशा दिवशीं नवशिका आपलें यंत्र उघडून बिघाड शोधतो. जुना माणूस खिडकींतून सूर्याकडे पाहतो आणि पुस्तक वाचीत बसतो.

आषाढांत पाऊस लागला कीं गच्चीवरचें काम सुटतें आणि टेबलावरचें सुरू होतें. तांबें हिरवें पडतें, जोडांत पाणी शिरतें, दोऱ्या फुगून सैल होतात. सुकत घातलेल्या कपड्यांच्या वासांत कथलाच्या डाखाचा धूर मिसळतो. हे दिवस बांधण्याचे. एखादी गुंडाळी दोन वेढे जास्त झाली म्हणून उलगडावयाची, जुन्या बाजारांत मिळालेला गँग कंडेन्सर घांसून पुसून बसवावयाचा, आणि रात्रीं बोटांनीं टेबलावर मोर्सचा सराव करावयाचा. शेजारचा कॉलेजांत जाणारा मुलगा याच सुमारास केव्हां तरी येतो आणि विचारतो, "काका, मोबाईलवर सिडनीला फुकट बोलतां येतं. मग ही खटपट कशाला?" काका हातांतलें काम न थांबवितां म्हणतात, "गळ टाकून बसलेल्या माणसाला मंडईंत मासे मिळतात हें ठाऊक असतंच रे." मुलगा हंसतो, पण जात नाहीं; स्टूल ओढून बसतो.

आणि मग एखाद्या रात्रीं, पाऊस संथ पडत असतां, विजेचा कडकडाट मुळींच नसतां, वस्तींतले दिवे जातात. सबंध गल्ली अंधारांत बुडते. घरोघर मेणबत्त्यांची शोधाशोध होते, कोणी वीजमंडळाच्या नांवानें बोटें मोडतें. या घरांत मात्र एक लहान यंत्र बॅटरीवर चालूच असतें, आणि त्याच क्षणीं त्याच्यांतून येणारी वर्षभराची गुरगुर एकदम थांबते. ती गुरगुर आकाशाची नव्हतीच. ती गल्लींतल्या शेंकडों एलईडी दिव्यांची, मोबाईलच्या चार्जरांची, टीव्हीच्या डब्यांची होती. वीज गेली तशी ती गेली, आणि तिच्याखालीं दडलेले आवाज एकामागून एक वर आले. एक दक्षिणेकडचा, एक उत्तरेकडचा, आणि एक इतका बारीक कीं श्वास रोखल्यावांचून उमगूं नये. मुलाच्या कानाला तो ऐकण्याची नळी लावली जाते. तो बराच वेळ बोलत नाहीं. मग हळूच म्हणतो, "हे रोज असतात?" ते रोज असतात. गल्लीच्या गोंगाटांत ते ऐकूं येत नाहींत, इतकेंच.

या छंदाचें मर्म आणि त्याची अडचण दोन्ही येथें आहेत. पांच वॅटांचा माणूस हरतो तो बहुधा अंतराला नव्हे, गोंगाटाला. स्वस्त चार्जर, दिव्यांच्या माळा, लिफ्टचीं यंत्रें आणि गच्च्यांवरच्या सौरफलकांचे इन्व्हर्टर, हीं सारीं उपयोगाचीं आहेत. पण त्यांतलें वाईट बनावटीचें प्रत्येक यंत्र लहरींच्या जगांत आपला कचरा टाकतें. डोळ्यांना तो दिसत नाहीं, म्हणून त्याची तक्रारहि होत नाहीं. शहरांतला माणूस शंभर वॅट वापरून स्वतःचा आवाज दूर पोंचवूं शकेल. पण पलीकडच्याचा बारीक आवाज त्याला ऐकूं यावा, यासाठीं त्याची स्वतःची शक्ति कांहीं कामाची नाहीं. त्यासाठीं भोंवतालच शांत लागतें.

शांततेची ही गरज आपल्या प्रांताला नवी नाहीं. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरलें, तेव्हां त्यांच्या विजेनें नाजूक सूच्या बिघडतील हें जाणून १९०४ सालीं हें काम अलिबागेस हलविण्यांत आलें. शहराची सोय अडविली नाहीं, आणि पृथ्वीचें ऐकणेंहि थांबविलें नाहीं. अलिबागेस ती नोंद अजून चालू आहे. घरगुती छंदिष्टाला गांव सोडून जातां येत नाहीं. तो आपल्याच घरापासून आरंभ करतो. एक-एक दिवा, एक-एक चार्जर बंद करून कोणता ओरडतो तें पाहतो, ओरडणारा बदलतो, आणि मग शेजाऱ्याच्या घरीं चांगल्या बनावटीचा एक दिवा स्वतःच्या खर्चानें नेऊन बसवितो. असा दिवा देणाऱ्याला शेजारी सहसा नाहीं म्हणत नाहींत.

श्रावण या दृष्टीनें बरा जातो. पाऊस असतो, पण पठारावर विजांचें थैमान तितकें नसतें. शिवाय उन्हाळ्याच्या व पावसाळ्याच्या दिवसांत 'ई' थरांत मधूनच दाट पुंजके बनतात, आणि एरवीं मुके असणारे दहा मीटरचे पट्टे तासभर बोलूं लागून पुन्हां गप्प होतात. भाद्रपदांत गणपति येतात. त्यांच्या दहा दिवसांत मांडवांच्या रोषणाईपुढें यंत्राचें कांहीं चालत नाहीं, म्हणून शहाणा माणूस तें झांकून ठेवतो आणि आरतीला जातो. हस्ताचा पाऊस जातां जातां पुन्हां एकदां गडगडून घेतो. मग शरद् ऋतु येतो, आकाश धुतल्यासारखें होतें, दिवस-रात्र पुन्हां समान होतात, आणि चैत्राचा बहर परत येतो. कोजागिरीला गच्चीवर दूध आटत असतां एका कोपऱ्यांत बॅटरी, यंत्र आणि टॉर्च घेऊन बसण्याची मुभा या माणसाला असते. मात्र पेले त्यानें धुवावे, असा ठराव असतो. दिवाळींत पुन्हां माळांचें राज्य. तेवढे दिवस आलेलीं कार्डें लावण्यांत जातात. कारण दूरच्या माणसाशीं बोलणें झालें कीं त्याची पोंच म्हणून एकमेकांना छापील कार्ड पाठविण्याची रीत आहे, आणि टपालानें असें कार्ड आलें कीं घरांतलीं लहान मुलें आधीं तिकिटाकडे धांव घेतात.

खरा हंगाम हिंवाळ्याचा. मार्गशीर्ष-पौषांत रात्र मोठी, आकाश कोरडें, विजा दूर दक्षिणेकडे गेलेल्या. चाळीस मीटरचा पट्टा इतका शांत होतो कीं आपलेंच यंत्र बंद पडलें असें वाटावें. दिवेलागणीच्या वेळीं एक चमत्कार होतो. खालचा 'डी' थर सूर्य जातांच विरूं लागतो, वरचा 'एफ' थर मात्र अजून उन्हांत असतो. त्या अर्ध्या-पाऊण तासांत लांबच्या लहरी, गिळणारा कोणी नसल्यानें, संधिप्रकाशाच्या रेषेवरून फार दूर जातात. घरांत 'शुभं करोति' चाललेलें असतें, आणि आंतल्या खोलींत युरोपांतला कोणी आपलें नांव पुन्हां पुन्हां वाजवीत असतो. पहांटे याच्या उलट घडतें. 'एफ' थर रात्रभरांत इतका विरळ झालेला असतो कीं नागपूर-हैदराबादचे जवळचे आवाज नाहींसे होतात आणि दूरचे मात्र राहतात. सूर्य वर आला कीं जवळचीं माणसें एकेक करून परत येतात.

सकाळच्या या वेळीं ओळखीच्या मंडळींचा कट्टा जमतो. मोर्समध्यें प्रत्येकाचा एक हात असतो. कोणी लांब ठोके जरा जास्त ओढतो, कोणी शब्दांमध्यें थांबतो. नांव सांगण्याआधींच ऐकणारा ओळखतो, जसें जिन्यांतल्या पावलांवरून कोण आलें तें घरांत कळतें. यांतले कित्येक एकमेकांना कधीं भेटलेले नसतात. मग एखाद्या पौषांत एक हात ऐकूं येत नाहीं. एक दिवस, चार दिवस, आठवडा. आधीं वाटतें, हवा ठीक नसेल. मग वाटतें, एरियल पडली असेल. शेवटीं कोणी तरी कळवितो. गेलेल्या माणसाला हे लोक 'मुकी झालेली कळ' असें म्हणतात. त्या दिवशीं कट्ट्यावर कोणी फार बोलत नाहीं. त्याच्या जागीं थोडा वेळ रिकामा सोडतात, आणि मग हळूहळू बोलणें सुरू होतें. शेजारच्या इमारतींत कोण गेलें हें ज्याला आठवड्यानें कळतें, अशा शहरांत पांचशें किलोमीटरांवरच्या एका बारीक शिटीची उणीव चौथ्या दिवशीं जाणवते, ही गोष्ट लहान नव्हे.

अशा जागरूक कानांचा समाजाला उपयोगहि झाला आहे. २६ जानेवारी २००१ रोजीं भुजच्या भूकंपांत टेलिफोन बंद पडले, तेव्हां हौशी मंडळींनीं निरोप पोंचविण्याचें काम केलें. डिसेंबर २००४ मध्यें भारती प्रसाद यांच्याबरोबर हौशी मंडळींचें एक पथक छंदासाठींच अंदमानांत गेलें होतें. २६ तारखेला त्सुनामी आली, आणि खेळ बाजूला ठेवून त्यांनीं मुख्य भूमीशीं संबंध जोडून दिला. संकटाच्या दिवशीं बॅटरीवर चालणारें यंत्र आणि गोंगाटांतून शब्द वेंचणारा कान एका दिवसांत तयार होत नाहींत. ते रोजच्या, वरवर पाहतां निरुपयोगी, सवयींतून होतात.

आतां कानाऐवजीं संगणकहि ऐकूं लागला आहे. भौतिकशास्त्राचें १९९३ चें नोबेल मिळविणारे जोसेफ टेलर हे स्वतः हौशी रेडिओवाले. त्यांनीं २००८ सालीं अशी एक पद्धति काढली कीं, तींत जवळजवळ दोन मिनिटें अत्यंत मंद गतीनें संदेश पाठवावयाचा, आणि संगणकानें तो गोंगाटाच्या तळांतून उचलावयाचा. तींत एका वॅटाच्या पांचव्या हिश्शानेंहि समुद्र ओलांडले जातात. आमचा गृहस्थ ही पद्धतिहि वापरतो, कारण कोणत्या वेळीं कोणती वाट उघडी आहे तें तिच्यावरून छान कळतें. पण वाट कळल्यावर तो संगणक मिटतो आणि हात कळीवर ठेवतो.

त्याचें कारण त्याच्या वहींत सांपडतें. तिच्यांत पोंचलेल्या हांकांपेक्षां न पोंचलेल्या अधिक आहेत. दहा वेळां पुकारावें तेव्हां एकदां उत्तर येतें. आणि तें एक उत्तर कसें येतें, हें पाहण्यासारखें आहे. पलीकडे कोणी तरी शंभर वॅटवाल्यांच्या गर्दींत एक पुसट शिटी ऐकतो. तो पुढें जाऊं शकला असता. तो थांबतो, बाकीच्यांना थांबवितो, यंत्राची चकती केसभर फिरवितो, आणि विचारतो, 'पुन्हां सांगा'. अर्धें नांव मिळतें. 'पुन्हां'. मग पूर्ण मिळतें. मोठ्या शक्तीच्या बोलण्यांत ऐकणाऱ्याला कांहीं करावें लागत नाहीं. पांच वॅटांच्या बोलण्यांत निम्मे कष्ट ऐकणाऱ्याचे असतात. हें ज्याला कळलें, तो स्वतः ऐकावयास बसला म्हणजे पुसट आवाजाला टाकून पुढें जात नाहीं.

फाल्गुनांत हवा पुन्हां तापूं लागते. संक्रांतीच्या पतंगाचा एक तुटलेला मांजा अजून तारेच्या टोंकाला लोंबत असतो; तो सोडवितांना दोरी विरल्याचें लक्षांत येतें. पाडव्याला गुढीसाठीं काठी हवी, म्हणून तार आदल्या दिवशीं उतरवितात. सायंकाळीं ती पुन्हां चढते. या वर्षीं काठी धरावयास शेजारचा मुलगा असतो. परीक्षेचें पुस्तक त्यानें मागून नेलें आहे, आणि परवाना मिळेपर्यंत त्यानें फक्त ऐकावयाचें, असा करार झाला आहे. काठी बांधून झाली, दोऱ्या ताणल्या गेल्या, खालीं खोलींत यंत्र लागलें. काका स्वतः मागें सरकतात आणि ऐकण्याची नळी त्याच्या हातीं देतात. बराच वेळ नुसती खरखर येते. मग मुलगा हात वर करून सर्वांना गप्प राहण्याची खूण करतो.